प्रयोगाच्या नेटवर्कचं दार बंद आहे ना?

३० नोव्हेंबरची संध्याकाळ. माझे सासरे, अण्णा, इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून सोफ्यावर बसले होते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा तो शेवटचा दिवस. एरवी अण्णा नोव्हेंबर उजाडला की पहिल्या आठवड्यातच बँकेत जाऊन मोकळे होतात. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मीच म्हटलं होतं, "अण्णा, तुम्हाला जायला नको. फोनसमोर चेहरा धरला की दाखला होतो. मी करून देते." आणि मग आज करू, उद्या करू म्हणत मीच महिना संपवला होता.

अ‍ॅप उघडलं, आधार क्रमांक टाकला आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. वायफायची खूण दिसत होती, पण खाली लिहिलं होतं, 'जोडलेलं आहे, इंटरनेट नाही'. माझा लॅपटॉप मात्र त्याच वायफायवर व्यवस्थित चालत होता. फोन बंद करून चालू केला, काही फरक नाही. मग घरोघरी करतात तोच उपाय केला. राउटरचं बटण बंद केलं, दहापर्यंत आकडे मोजले, पुन्हा चालू केलं. झालं भलतंच. आता माझा लॅपटॉपही बंद पडला आणि हॉलमधला टीव्हीही. अण्णांच्या सिमवर डेटा नाही, कारण "घरात वायफाय असताना वेगळा खर्च कशाला?" माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला, पण आमच्या तळमजल्यावर मोबाइलची रेंज कशीबशी एक काडी. चेहऱ्याची पडताळणी दोनदा अर्ध्यावर तुटली.

मग मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. पंचवीस वर्षं ऑफिसची नेटवर्कं सांभाळते आहे, त्यामुळे बोलण्यात जोर होताच. पलीकडचा मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, आमच्याकडून लाइन चालू दिसतेय." मी काही ऐकून घेतलं नाही. अण्णा शांतपणे एवढंच म्हणाले, "अगं, दाखला गेला नाही तर पेन्शन अडकेल ना?"

शेवटी मी करायला हवं होतं ते पहिलं काम सगळ्यात शेवटी केलं. फोनमध्ये वायफायच्या तपशिलात जाऊन फोनला मिळालेला आयपी पत्ता पाहिला. आमच्या घरातले सगळे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. इथे होता १०.१०.१०.५३. मी बघतच राहिले. तेवढ्यात पाणी प्यायला बाहेर आलेला भाचा मागून डोकावला आणि म्हणाला, "मामी, हा पत्ता आजोबांच्या फोनमध्ये कसा? हा तर आमचा आहे!"

'आमचा' म्हणजे माझ्या मुलीचा आणि त्याचा. दोघं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, भाचा आमच्याकडेच राहून शिकतो. आतल्या खोलीत दोघांच्या लॅपटॉपवर प्रॅक्टिकल चाललं होतं. त्याने आत धाव घेतली आणि काहीतरी बंद केलं. मी फोनचं वायफाय बंद करून चालू केलं. पत्ता झाला १९२.१६८.१.७. पाच मिनिटांत अण्णांचा दाखला गेला. मी कंपनीला फोन करून तक्रार मागे घेतली. सुनावलेलं मात्र मागे घेता आलं नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं दोन्ही लॅपटॉप घेऊन बसलो आणि हे प्रयोगाचं नेटवर्क नव्याने, नीट बांधलं. नेटवर्किंग किंवा सायबर सुरक्षा शिकणारं मूल आज कितीतरी घरांत आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख.

कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क आणि स्वतःचं नेटवर्क कार्ड असतं. निदान त्याला तसं वाटतं. खरा लॅपटॉप तो होस्ट, आतला तो गेस्ट. यजमान आणि पाहुणा, अगदी आपल्यासारखंच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ सालीच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. घरच्या कॉम्प्युटरवर हे १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे आलं आणि २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळू लागल्यावर विद्यार्थ्यांच्या हाती पोचलं.

विद्यार्थ्यांना ते का लागतं? कारण नेटवर्किंग नुसतं वाचून येत नाही. एक सर्व्हर उभा करायचा, त्याने इतरांना पत्ते वाटायचे, एकाने दुसऱ्याची कुलपं तपासायची, बिघडलं तर पुसून पुन्हा मांडायचं. सायबर सुरक्षेच्या अभ्यासात तर 'मेटास्प्लॉइटेबल'सारखी मुद्दाम कच्ची ठेवलेली मशीन वापरतात, म्हणजे हल्ला कसा होतो ते बघता येतं. ही खरी मशीन असती तर खोलीभर डबे लागले असते.

अडचण येते मेमरीची. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर स्वतःची विंडोज चालवून शिवाय चार मशीन उठवायला गेलं की लॅपटॉप हंबरडा फोडतो. म्हणून आमच्या मुलांनी दोन मशीन एका लॅपटॉपवर आणि दोन दुसऱ्यावर अशी वाटणी केली. आता या चौघांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. आणि घरातल्या बाकी कुणाशीही बोलता येता कामा नये. या दोन मागण्या एकत्र पुऱ्या करायच्या, हीच खरी कसोटी.

मुलांनी काय केलं, आणि काय झालं

व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक मशीनचं नेटवर्क कार्ड कशाला जोडायचं हे निवडता येतं. मुलीने सांगितलं तसा त्यांचा प्रवास असा झाला.

सुरुवातीला आपोआप मिळते ती 'नॅट' पद्धत होती. यात आतल्या मशीनला इंटरनेट मिळतं, पण प्रत्येक मशीन आपापल्या वेगळ्या कप्प्यात असतं. मुलांनी पत्ते पाहिले तर चारही मशीनवर एकच आकडा, १०.०.२.१५. दोघं चक्रावली. पण ते बरोबरच होतं. चार वेगळ्या इमारतींत चारही घरांचा क्रमांक एक असावा, तसं.

मग त्यांनी 'इंटर्नल नेटवर्क' निवडलं. एका लॅपटॉपमधली दोन मशीन लगेच एकमेकांशी बोलू लागली आणि बाहेरचं काहीच दिसेना. उत्तम! पण हे नेटवर्क त्या एकाच लॅपटॉपच्या आत असतं. दुसऱ्या लॅपटॉपवर त्याच नावाचं इंटर्नल नेटवर्क केलं तरी दोन्ही जोडली जात नाहीत. नाव एक असलं म्हणून घर एक होत नाही. 'होस्ट-ओन्ली' नावाचा आणखी एक पर्याय असतो. त्यात लॅपटॉप स्वतःही त्या नेटवर्कमध्ये येतो, पण लॅपटॉपची हद्द तोही ओलांडत नाही.

राहिला 'ब्रिज्ड'. यात आतलं मशीन लॅपटॉपच्या खऱ्या नेटवर्क कार्डातून थेट बाहेर येतं आणि घरातल्या इतर उपकरणांच्या रांगेत बसतं. दोन्ही लॅपटॉप केबलने घरच्या राउटरला जोडलेले होतेच. ब्रिज्ड निवडताच चारही मशीन एकमेकांना दिसली. मुलांना वाटलं, जमलं! आणि एका मशीनवर त्यांनी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सुरू केला.

इथे सगळं घर त्यांच्या प्रयोगात ओढलं गेलं. नवा फोन वायफायला जोडला की तो पुकारा करतो, 'मला कुणी पत्ता देतं का?' हा पुकारा नेटवर्कमधल्या सगळ्यांना ऐकू जातो. एरवी उत्तर देणारा एकटा राउटर असतो. त्या दिवशी दोघे होते. बहुतेक उपकरणं ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतात आणि तो खरा कोण, खोटा कोण, हे विचारत नाहीत. मुलांच्या सर्व्हरने अण्णांच्या फोनला पत्ता दिला आणि बाहेर जायची वाट म्हणून स्वतःकडेच बोट दाखवलं. त्या वाटेच्या पुढे काहीच नव्हतं.

माझा लॅपटॉप चालू राहिला, कारण त्याच्याकडे राउटरने दिलेला जुना पत्ता होता आणि त्याची मुदत संपली नव्हती. मी राउटर बंद-चालू केला तेव्हा सगळ्यांनी नव्याने पत्ते मागितले. राउटर नीट जागा होईपर्यंत मुलांचा सर्व्हर तयारच बसला होता. म्हणजे त्या घडीला माझ्या उपायानेच दुखणं घरभर पसरलं.

हे निदान त्रासावर निभावलं. याहून वाईटही होऊ शकतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प केली. तो कुणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवण्याची वाट बघत नव्हता. विंडोजमध्ये फायली वाटून घेण्याची जी सोय असते तिच्यातल्या एका भोकातून तो एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर आपणहून जात होता. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, पण असंख्य मशीनवर ते चढवलेलं नव्हतं. मुद्दाम कच्चं ठेवलेलं किंवा व्हायरसचा नमुना तपासायला घेतलेलं मशीन घरच्या नेटवर्कवर ब्रिज्ड ठेवणं म्हणजे ते आपल्या बँकेच्या कामाच्या लॅपटॉपशेजारी, आजोबांच्या फोनशेजारी आणून बसवणं.

दिंडीदरवाजा नसलेला चौक

मुलांना मी जुन्या वाड्याचं उदाहरण दिलं. वाड्यात चारी बाजूंच्या खोल्यांची दारं मधल्या चौकात उघडतात. चौकात सगळे भेटतात, बोलतात. आपल्याला असाच एक चौक बांधायचा आहे, फक्त त्याला रस्त्यावर उघडणारा दिंडीदरवाजा नको. आतून सगळे एकत्र, बाहेरून कुणी नाही.

याचा अर्थ ब्रिज्ड ही पद्धत वाईट नव्हती. ती राउटरकडे जाणाऱ्या केबलवर लावली, हे चुकलं. मशीनना लॅपटॉपच्या बाहेर काढायला ब्रिज हवाच. पण तो अशा केबलवर हवा, जी राउटरपर्यंत पोचतच नाही.

सामान अगदी थोडं लागतं. लॅपटॉपला केबलचं पोर्ट असेल तर तेच प्रयोगासाठी राखायचं आणि रोजचं इंटरनेट वायफायवर ठेवायचं. पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अ‍ॅडॅप्टर मिळतो. दोनच लॅपटॉप असतील तर दोघांना जोडणारी एक साधी नेटवर्क केबल पुरते. तिसरा लॅपटॉप आला की पाच पोर्टचा साधा स्विच घ्यायचा. वायफायवरून हे काम करू नका. वायफायवर एका जोडणीमागे एकच उपकरण असतं असं राउटर धरून चालतो. त्यामुळे तिथे ब्रिज कधी चालतो, कधी नाही, आणि चालला तरी तो घरच्याच नेटवर्कवर असतो.

आम्ही केलेल्या पायऱ्या अशा.

१. सगळी मशीन बंद केली आणि दोन्ही लॅपटॉपच्या केबली राउटरमधून काढल्या. दोन्ही लॅपटॉप वायफायवर घेतले. मग एका केबलने दोन्ही लॅपटॉप थेट एकमेकांना जोडले.

२. त्या केबलच्या कार्डावरून लॅपटॉपला स्वतःला बाजूला केलं. विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन त्या कार्डाचे गुणधर्म उघडायचे. तिथे इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ आणि व्हर्जन ६ या दोन्हींच्या खुणा काढायच्या, फायली आणि प्रिंटर वाटून घेण्याची खूणही काढायची. व्हर्च्युअलबॉक्सच्या ब्रिज्ड ड्रायव्हरची खूण मात्र तशीच ठेवायची, नाहीतर मशीनना वाटच मिळणार नाही. व्हर्जन ६ अनेक जण विसरतात. ते चालू राहिलं तर लॅपटॉप स्वतःच्या मनाने एक पत्ता घेतो आणि नकळत चौकात येऊन उभा राहतो. लिनक्स वापरत असाल तर त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही 'डिसेबल' करायचे.

३. चारही मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क कार्ड ब्रिज्ड ठेवलं आणि खालच्या यादीतून केबलचं कार्ड नाव वाचून निवडलं. या यादीत वायफायचं कार्डही असतं. घाईत तेच निवडलं जातं आणि आपण पुन्हा होतो तिथे येतो.

४. एका मशीनची नक्कल करून दुसरं बनवलं असेल तर नक्कल करताना नवे मॅक पत्ते तयार करण्याचा पर्याय निवडायचा. नाहीतर दोन मशीनची ओळख एकच होते, आणि कधी हा बोलतो कधी तो, असा घोळ होतो.

५. सुरुवातीचे पत्ते हाताने दिले : १०.७७.०.११ पासून १०.७७.०.१४ पर्यंत, मास्क २५५.२५५.२५५.०. १० ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत, घरातले १९२.१६८ वालेही तसेच. प्रयोगाचे पत्ते घरच्यापेक्षा डोळ्याला वेगळे दिसतील असेच घ्यावेत. त्या संध्याकाळी पत्ता वेगळा दिसला म्हणूनच चोर सापडला. गेटवेचा रकाना रिकामा ठेवला. जिथे दारच नाही तिथे दाराचा पत्ता कशाला?

डीएचसीपी सर्व्हर अजून बंदच. तो सगळ्यात शेवटी.

बंद आहे, हे तपासायचं

मुलीचं म्हणणं होतं, "आई, केबल राउटरला नाहीये, म्हणजे बंदच आहे ना." मी म्हटलं, "तुम्हाला आजही वाटतच होतं." बंद आहे असं वाटणं आणि बंद असणं यांच्यात एका तपासणीचं अंतर असतं. बहुतेक जण फक्त जोडणी झाली का एवढं बघतात. बंदोबस्त झाला का हे वेगळं बघावं लागतं.

आधी जोडणी. पहिल्या लॅपटॉपमधल्या मशीनवरून दुसऱ्या लॅपटॉपमधल्या मशीनला पिंग केलं. उत्तर आलं. विंडोजच्या मशीनकडून आलं नाही. भाचा लगेच केबल तपासायला उठला, पण केबलचा दोष नव्हता. विंडोजचा फायरवॉल अनोळखी नेटवर्कवर पिंगला उत्तर देत नाही. त्या मशीनवरून उलट दिशेने पिंग केलं तेव्हा लिनक्सने उत्तर दिलं, म्हणजे वाट ठीक होती.

मग बंदोबस्त. चारही मशीनवरून घरच्या राउटरला पिंग केलं, १९२.१६८.१.१. उत्तर नाही. इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला पिंग केलं. उत्तर नाही. दोन्ही लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग चालवून पाहिलं, केबलच्या कार्डावर कुठलाही पत्ता नव्हता. इथे उत्तर न येणं हेच पास होणं.

त्यानंतर मुलीने डीएचसीपी सर्व्हर सुरू केला. बाकीच्या तिन्ही मशीनना त्याच्याकडून पत्ते मिळाले. आता शेवटची परीक्षा. अण्णांचा फोन आणला, घरचं वायफाय 'फर्गेट' केलं, पासवर्ड टाकून पुन्हा जोडलं आणि पत्ता पाहिला. १९२.१६८.१ ने सुरू होणारा. पुन्हा एकदा केलं. तोच. दोन्ही लॅपटॉप बंद करून चालू केले आणि सगळी तपासणी दुसऱ्यांदा केली, कारण काही चुका पुन्हा चालू केल्यावरच उघड्या पडतात.

उरलेल्या फटी

केबल वेगळी झाली तरी चौकाला फटी राहू शकतात. त्या आम्ही एकेक करून बुजवल्या.

पहिली फट सामायिक फोल्डरची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लॅपटॉपमधला एखादा फोल्डर आतल्या मशीनला दाखवता येतो, कॉपी-पेस्ट दोन्हीकडे चालवता येतं, फायली ओढून टाकता येतात. सोयीचं आहे, पण ही वाट नेटवर्कमधून जातच नाही, त्यामुळे वरच्या कुठल्याही तपासणीत ती दिसत नाही. कच्च्या किंवा संशयित मशीनवर हे तिन्ही बंद ठेवायचं. पेन ड्राइव्हचंही तेच.

दुसरी फट अपडेटची. 'पाच मिनिटं इंटरनेट देतो, एक पॅकेज उतरवून घेतो' म्हणून मशीनला दुसरं कार्ड लावलं जातं, आणि ते काढायचं राहून जातं. मग ते एक मशीन दोन्हीकडे पाय रोवून उभं राहतं. अपडेट आधीच करून घ्यावेत. मध्येच लागले तर मशीन बंद करायचं, त्याच कार्डाचं ब्रिज्ड काढून नॅट करायचं, काम झालं की परत फिरवायचं. दोन्ही एकदम कधीच नाही. आणि ज्या मशीनवर हल्ल्याचा सराव झालाय त्याला इंटरनेट द्यायचंच नाही. त्याचा सराव सुरू करण्याआधीचा स्नॅपशॉट ठेवायचा आणि काम झालं की तिथे परत जायचं.

तिसरी फट लॅपटॉपची. विंडोजमध्ये आपलं इंटरनेट दुसऱ्या कार्डावर वाटून देण्याची सोय असते. हॉस्टेलवर मुलं ती कधीतरी चालू करतात आणि विसरतात. ती चालू असेल तर लॅपटॉपच दिंडीदरवाजा होतो. भाच्याच्या लॅपटॉपवर ती चालू निघाली. आयपीव्ही४ ची खूण काढलेली होती म्हणून तिचा उपयोग होत नव्हता, एवढंच. ती बंद केली.

चौथी फट माणसाची. स्विच वापरत असाल तर त्यावर ठळक चिठ्ठी चिकटवा, 'राउटरला जोडू नये'. रिकामं पोर्ट दिसलं की त्यात केबल खुपसणारा कुणीतरी घरात असतोच. आमच्याकडे तो मीच आहे.

दोन गावं, आणि ऑफिस

भाच्याचा पुढचा प्रश्न होता, सुट्टीत तो हैदराबादला आईवडिलांकडे गेला की काय करायचं? केबल तर तिथवर पोचणार नाही. अशा वेळी इंटरनेटमधून कुलूपबंद बोगदा काढतात. वायरगार्डसारखं मोफत साधन दोन्हीकडच्या एकेका लिनक्स मशीनवर बसवलं की त्यांच्यातलं बोलणं सांकेतिक होऊन जातं, आणि त्या दोघांमार्फत दोन्ही बाजूंची मशीन एकमेकांशी बोलू शकतात. मात्र ही दारावरची मशीन दोन जगांच्या मध्ये उभी असतात. त्यांच्या फायरवॉलमध्ये 'फक्त प्रयोगाचे पत्ते, बाकी सगळं नाही' हा नियम आधी लिहायचा आणि वरची सगळी तपासणी नव्याने करायची. माझा सल्ला असा की पहिलं वर्ष केबलवरच शिकावं.

मोठ्या कंपन्यांत हेच काम दर लॅपटॉपमागे केबल टाकून होत नाही. तिथे व्हीलॅन वापरतात. एकाच स्विचवर, एकाच केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर क्रमांकाची चिठ्ठी लावली जाते आणि त्या क्रमांकाच्या बाहेर ते पाकीट दिलं जात नाही. चिठ्ठीवर १ ते ४०९४ एवढे क्रमांक मावतात. तेही अपुरे पडू लागले तेव्हा व्हीएक्सलॅन आलं. त्याची पद्धत २०१४ साली जाहीर झाली आणि त्यात सुमारे १ कोटी ६७ लाख नेटवर्कं वेगळी ठेवता येतात. अख्खं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवायचं, अशी ती युक्ती. पण लक्षात ठेवा, ही नुसती विभागणी आहे. व्हीएक्सलॅन स्वतःहून मजकूर सांकेतिक करत नाही. आणि साधने कितीही मोठी असली तरी चूक आमच्या घरातलीच होते. एखाद्या पोर्टला चुकीचा क्रमांक दिला जातो, आणि चाचणीचा सर्व्हर खऱ्या ऑफिसला पत्ते वाटायला लागतो. माझ्या नोकरीत हे मी दोनदा पाहिलं आहे. तरी घरात ओळखायला मला अर्धा तास लागला. ऑफिसात आपण नेटवर्कवर संशय घेतो, घरात कंपनीवर.

घरातल्या मोठ्यांसाठी

हे सगळं तांत्रिक वाटलं असेल, तर एवढंच लक्षात ठेवा. मुलांना प्रयोग करू नका असं सांगू नका. चुकायला जागा मिळाली तरच शिकणं होतं, आणि बंदिस्त नेटवर्क म्हणजे चुकण्यासाठी बांधलेली जागा. फक्त विचारा की ती खरंच बंदिस्त आहे का, आणि कसं तपासलं ते दाखवायला सांगा.

आपल्या फोनमध्ये वायफायच्या तपशिलात जाऊन घरचा पत्ता कशाने सुरू होतो ते आज एकदा पाहून ठेवा, आणि कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवा. पुढे कधी 'जोडलेलं आहे, इंटरनेट नाही' असं दिसलं, तर राउटर बंद करण्याआधी आणि कंपनीला फोन करण्याआधी तो कागद बघा. पत्ता वेगळा असेल तर उत्तर घरातच आहे. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसावर हयातीचा दाखला ठेवू नका. हा मात्र नेटवर्कचा दोष नव्हता, तो सर्वस्वी माझा.

आमच्या राउटरजवळचा कागद अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, १९२.१६८.१. तिघांच्या त्या रात्रीच्या बैठकीत तेही थोडा वेळ येऊन बसले होते. आता संध्याकाळी मुलं लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली की ते हॉलमधून हाक मारतात. गॅसचं बटण बंद केलं का, हे विचारावं त्याच आवाजात : "दार बंद आहे ना रे?"

आणि आतून उत्तर येतं, "हो आजोबा, तपासलंय."